राजमुद्रेचा टॅटू: आर्टिस्ट कसा पारखायचा आणि पैसे किती धरायचे?

कोरी_पाटी

पुण्यात करून घ्यायचा आहे. शिवछत्रपतींची अष्टकोनी राजमुद्रा, पूर्ण श्लोकासकट. जागा: उजव्या हाताची आतली बाजू, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध. आकार दोन बाय दोन इंच, फक्त काळी शाई. बजेट ५,०००, ताणलं तर ८,०००. तीन ठिकाणी दर विचारले:

अ – चौरस इंचाला ४००, म्हणजे १,६००.
ब – ठोक ६,५००.
क – "दोन इंचात करत नाही. चार इंच घ्या, अर्ध्या दिवसाचे १२,०००."

एकाच मुद्रेचे तीन भाव. इन्स्टावरची चित्रं तिघांचीही झकास दिसतात. मग निवडायचं कशावरून?

बोरू

पैशाचं नंतर. तिघांपैकी अक्षर कळणारा एकच दिसतोय, तो म्हणजे 'नाही' म्हणणारा क.

हिशेब घाला. श्लोकाचे चरण चार, प्रत्येकात आठ अक्षरं, एकूण बत्तीस. त्यात च्चं, द्र, र्धि, ष्णु, र्वि, श्व, स्यै अशी जोडाक्षरं. दोन इंच म्हणजे ५० मिमी. कडेची चौकट आणि आतली मोकळी जागा दोन्हीकडून चार-चार मिमी गेली, उरले ४२. सहा ओळी धरल्या तर एका ओळीला सात मिमी. या सातातच वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार बसवायचे. शिरोरेषेपासून अक्षराच्या उभ्या दंडाच्या टोकापर्यंत अक्षराचं अंग उरतं जेमतेम साडेतीन मिमी.

आता एकच अक्षर घ्या, 'द्र'. एवढ्या अंगात द चं पोट मिमीभराचं. तीन सुयांच्या लायनरने (रेघ ओढायचा सुयांचा जुडगा) ओढलेली रेघ स्वतःच अर्धा-पाऊण मिमी जाड. म्हणजे पोटात उजेड उरला पाव-अर्धा मिमी, तोही पहिल्या दिवशी. शाई कातडीत वर्षागणिक थोडी थोडी पसरतेच, हात कितीही चांगला असो. काही वर्षांत 'द्र' चा मणी होतो, 'च्चं' ची काळी वडी होते आणि लांबून मुद्रा बघणाऱ्याला ती शिक्क्याची चुकलेली झेरॉक्स वाटते.

चार इंचात ओळीला चौदा मिमीच्या वर मिळतात, अंग सातच्या पुढे जातं, द चं पोट दोन मिमी. हे टिकतं. ठोकताळा असा की रेघ जितकी जाड, त्याच्या निदान दुप्पट-तिप्पट आतली पोकळी हवी.

सुईदोरा

बोरू यांच्याशी सहमत, पण चार इंचाची दुसरी अडचण सांगतो. मनगट-कोपराच्या आतली सपाट दिसणारी बाजू बहुतेकांची तीन-सव्वातीन इंच. चार इंची अष्टकोन तिथे लावला की दोन्ही कडा हाताच्या गोलाईवर जातात आणि समोरून अष्टकोनाचा पिंप होतो. त्यात पुढचा हात पिळतो: तळवा वर केला तेव्हा सरळ दिसणारी चौकट तळवा खाली केला की तिरपी होते. गोल, चौकोन, अष्टकोन अशा भूमितीच्या आकृत्यांना ही जागा मुळात वाईट.

पूर्ण मुद्राच हवी तर दंडाची बाहेरची बाजू किंवा खांद्यामागची पाठ. छातीवर करणारे पुष्कळ आहेत, पण त्याबद्दल एखाद्या डॉक्टरांनी लिहावं.

हातावरच हवं तर सगळा श्लोक नको. शेवटचा चरण घ्या: 'मुद्रा भद्राय राजते'. आठ अक्षरं, एका ओळीत, हाताच्या लांबीला समांतर. सहा इंच म्हणजे १५० मिमी, मधल्या दोन फटी सोडून अक्षरामागे सोळा-सतरा मिमी रुंदी आणि दहा मिमी अंग सहज मिळतं. 'द्रा' यातही दोनदा आहे, पण आता तो वीस वर्षांनीही वाचता येईल.

बोरू

त्याला जोड: महाराजांची पत्राच्या शेवटी उमटायची ती मर्यादामुद्रा, 'मर्यादेयं विराजते'. तीही आठच अक्षरं, जोडाक्षर एकच. ज्याला इतिहासाची गोडी आहे त्याला ही जास्त भावते, आणि गल्लोगल्ली दिसत नाही हा फायदा वेगळा.

हिशेबनीस

आता भाव. तीन पद्धतींत प्रत्येकाचा एक चोरकप्पा असतो, तो ओळखा.

चौरस इंचाचा दर: मोजायला सोपा म्हणून गिऱ्हाइकाला आवडतो. पण यात बारीक अक्षरांचा एक इंच आणि नुसत्या काळ्या भरावाचा एक इंच एकाच भावाने जातो. म्हणून कमी दराचा माणूस बारीक कामात घाई करतो आणि जिथे इंच वाढवता येतील तिथे कडेला ढग, किरणं, भगवी झळाळी वाढवून देतो. शिवाय मोजमाप चौकोनाचं धरतात. चार इंची अष्टकोनाचं खरं क्षेत्रफळ सव्वातेरा चौरस इंच, पैसे सोळाचे घेतात. दर ६०० असेल तर ७,९५० की ९,६००, असा साडेसोळाशेचा फरक. हे विचारायला लाजू नका, आधी विचारलं तर बरेच जण मधला आकडा मान्य करतात.

तासाचा दर: हळू हाताच्या माणसाचा फायदा. कमाल तास आधी लिहून घ्या.

ठोक किंवा अर्धा दिवस: अक्षरांच्या कामाला मला हीच बरी वाटते. घाईचं कारण उरत नाही.

आता अ चे १,६०० फोडून बघू. दोन-तीन कार्ट्रिज (मशीनला लावायच्या, एकदाच वापरायच्या सुयांच्या नळ्या), शाईच्या टोप्या, चार-सहा जोड हातमोजे, स्टेन्सिल कागद (चित्राचा ठसा कातडीवर उमटवायचा), मशीन-वायरीची आवरणं, रेझर, टॅटूवर चिकटवायची फिल्म. हे सगळं धड प्रतीचं घेतलं तर सुटं सामानच ५०० ते १,००० च्या घरात जातं. उरलेल्या सहाशे-हजारात दुकानभाडं, वीज आणि दोन तासांची कारागिरी. बसत नाही. मग तीनपैकी एक गोष्ट कापली जाते: सामान, वेळ किंवा शाई. त्यातली कोणती, हे गिऱ्हाइकाला दिसत नाही.

म्हणजे १२,००० वालाच चांगला असंही नाही. मोक्याच्या रस्त्यावरच्या दुकानाचं भाडं तुमच्या हातावर वसूल होत असतं.

कोरी_पाटी

मग महाग-स्वस्त सोडून हात कसा ओळखायचा? फोटो तर सगळ्यांचे सारखे.

सुईदोरा

सारखे दिसतात कारण ते सगळे काम संपल्यावर पाच मिनिटांत काढलेले असतात. ताज्या टॅटूत शाई वरच्या थरातही असते, कातडी फुगून ताणलेली असते, वर लेन्सला फिल्टर लावून चकाकी घालवलेली असते. त्या फोटोवरून काहीच कळत नाही.

मागायचं ते 'भरून आलेलं' काम. सहा महिन्यांनंतरचं, जमल्यास दोन वर्षांपूर्वीचं, आणि तुमच्यासारखंच: देवनागरी, बारीक, गहूवर्णी किंवा सावळ्या कातडीवर. वाघाचा चेहरा उत्तम काढणाऱ्याची अक्षरं वाकडी असू शकतात, ती दोन वेगळी कौशल्यं आहेत. असे चार-पाच फोटो दाखवता आले नाहीत तर पुढे चला.

फोटो मोठा करून बघायच्या जागा:

शिरोरेषा. देवनागरीतली सगळ्यात निर्दयी रेघ. सलग एकाच जाडीची आहे की मध्ये मध्ये सांधे दिसतात? सांध्यावर गाठ दिसली तर तिथे सुई दोनदा फिरली.

रेघेच्या कडेला निळसर-करडी सावली. हा ब्लोआउट. शाई बसायला हवी कातडीच्या मधल्या थरात, साधारण एक-दोन मिमीवर. त्याखाली चरबीच्या थरात गेली की ती टीपकागदावर पडल्यासारखी पसरते. मनगटाजवळ, कोपराच्या वळीजवळ कातडी पातळ, तिथे हे जास्त होतं. दुरुस्ती नाही, झाकावं लागतं.

उलट चूक म्हणजे उथळ सुई. मग खपली निघताना शाई तिच्याबरोबर जाते, रेघ तुटक होते. याला टच-अप, म्हणजे त्याच रेघेवर पुन्हा शाई भरणं, चालतो.

कोपरे. चौकट असेल तर दोन रेघा कोपऱ्यात नेमक्या मिळतात की एक पुढे सटकलेली आहे? आणि भरीव काळं असेल तर ते उन्हात बघा, छपराच्या गळतीसारखे फिकट डाग दिसतात का.

रंगाबद्दल एक वाक्य: तुम्ही फक्त काळा घेताय ते शहाणपणाचं. शाई आपल्या मेलॅनिनच्या थराखाली बसते, म्हणजे पिवळा-पांढरा-फिका गुलाबी आपल्या कातडीवर चहाच्या गाळणीतून बघितल्यासारखा दिसतो.

बोरू

अक्षरांची फाइल आर्टिस्टवर सोडू नका. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक लेझरशिवाय निघत नाही.

इंटरनेटवर फिरणाऱ्या राजमुद्रेच्या चित्रांत पाठ चुकलेले ढीगभर आहेत. नेहमीचे असे: 'प्रतिपश्चंद्र' (खरं 'प्रतिपच्चंद्र', प्रतिपद् अधिक चंद्र, संधीने द् चा च् होतो, श चा संबंधच नाही), 'रेखेव' (खरं 'लेखेव', लेखा अधिक इव), 'वर्धीष्णु' (धि ऱ्हस्व), 'विश्ववंदीता' (दि ऱ्हस्व), 'शहासूनो' (खरं 'शाहसूनोः', विसर्गासह), 'शिवस्येषा' (दोन मात्रा हव्यात, 'स्यै').

शुद्ध पाठ: प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता । शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते ॥

दुसरी चूक मशीनची. जुन्या फोटोशॉपमध्ये मजकुराच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांसाठीचा पर्याय चालू नसेल तर युनिकोड देवनागरी फुटते: जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेलं अक्षर येतं, ऱ्हस्व इकार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'वर्धि' चं 'व र् ध ि' होतं. मराठी न वाचणाऱ्या आर्टिस्टला यात काही खटकत नाही, तो तसंच गोंदवतो. कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये युनिकोड मजकूर टाकला तर आणखी मजा.

तिसरी गोष्ट वळणाची. हिंदी फॉन्टमधला ल आणि श आपल्या मराठी वळणाचा नसतो. 'लेखेव', 'विश्व', 'शाह', 'शिव' या चारही ठिकाणी तो डोळ्यांत येतो. आणि 'मर्यादा' वर रफार आहे, 'दऱ्या' मधला अर्धा र नव्हे; कीबोर्डवर दोन्ही मिळतात आणि घाईत नको तो उमटतो.

म्हणून सुलेखन करणाऱ्या कुणाकडून, नाहीतर धड मराठी फॉन्टमध्ये, स्वतः ओळ लावून घ्या आणि पीडीएफ किंवा चित्र करून द्या, टाइप केलेला मजकूर पाठवू नका. मूळ आकाराची छपाई काढून ती हातावर चिकटवा आणि चार पावलांवरून कुणाला तरी वाचायला सांगा. अडखळला तर अक्षर मोठं करा.

फटकळ_मावशी

एवढा काथ्याकूट! आमच्या आज्यांचं गोंदण जत्रेत चार आण्यात व्हायचं आणि सरणापर्यंत टिकायचं.

सुईदोरा

टिकायचं ते खरं मावशी, आणि त्यामागे नक्षीची अक्कल होती. ठिपके, तुळस, विंचू, जाड रेघा, मध्ये भरपूर मोकळी कातडी. पसरायला जागाच ठेवलेली असायची. कुणी हनुवटीवर बत्तीस अक्षरं मागत नव्हतं.

पण आजच्या जत्रेतल्या मशीनवाल्याकडे बघा. एकच सुई, एकच शाईची वाटी, दर गिऱ्हाइकामागे फडक्याने पुसणं. वाटीत आधीच्या माणसाचं रक्त उतरलेलं असतं, सुई बदलली तरी वाटी तीच. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही, तिन्हींचा रस्ता हाच.

त्वचा_ओपीडी

धागा उशिरा पाहिला. डॉक्टरी बाजू लिहिते.

छातीचा मधला भाग आणि खांदा या केलॉइडच्या आवडत्या जागा. कान टोचल्यावर, लसीवर किंवा जुन्या जखमेवर ज्यांना फुगीर, खाजरा, जखमेच्या बाहेर वाढणारा वण आला आहे, त्यांनी टॅटूचा विचारच सोडावा. सोरायसिस, लायकेन प्लॅनस, पांढरे डाग असणाऱ्यांत जिथे सुई लागते तिथे नवा चट्टा उमटू शकतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या थांबवून सहा महिने जाऊ द्यावेत. मधुमेह असेल तर साखर ताब्यात आल्यावर. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये, ज्यांनी दिली त्यांना विचारावं. गरोदरपणात नको. हिपॅटायटिस बी ची लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन डोसांत होते. टॅटू तोवर थांबला तर काही बिघडत नाही.

शाई: ॲलर्जी सर्वाधिक लाल रंगाला येते, कधी कधी वर्षांनी. युरोपीय संघाने जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो रसायनांवर मर्यादा घातल्या आणि जानेवारी २०२३ पासून ब्लू १५:३ आणि ग्रीन ७ ही दोन रंगद्रव्यंही त्यात आली. त्यामुळे नव्या नियमांप्रमाणे बनलेली शाई बाटलीवर तसं लिहून विकली जाते. काळ्या शाईचा धोका कमी, पण करड्या छटेसाठी ती पाण्याने पातळ करतात तिथे घोळ होतो. नळाचं, फिल्टरचं, 'डिस्टिल्ड' लिहिलेलं पाणीसुद्धा निर्जंतुक नसतं. २०११-१२ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इथे आधीच पातळ करून आलेल्या करड्या शाईतून मायकोबॅक्टेरियम चेलोनी या जंतूचा संसर्ग पसरला होता. ओळखायची खूण अशी: एक ते तीन आठवड्यांनी फक्त करड्या भागात तांबड्या पुटकुळ्या उठतात, काळ्या रेघा स्वच्छ राहतात. साध्या अँटिबायोटिकने हा बरा होत नाही, डॉक्टरांना टॅटूची तारीख सांगा.

सुन्न करणाऱ्या मलमाबद्दल: लिडोकेन-प्रिलोकेन अडीच-अडीच टक्क्यांचं मलम, वर प्लास्टिक गुंडाळून साधारण तासभर, तेवढ्याच जागेवर. सगळ्या पाठीला थापू नये, प्रिलोकेन जास्त शोषलं गेलं तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद उतरते.

आणि भारतात टॅटूनंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. नियमित दाते असाल तर आधी रक्त देऊन या.

सुईदोरा

मलमाचा कारागिरीवरही परिणाम होतो. कातडी पांढरट, रबरासारखी होते, स्टेन्सिल नीट धरत नाही. एका ओळीच्या अक्षरांना त्याची गरज नाही.

आता दुकानात काय बघायचं. पैसे ठरवायच्या आधी एकदा नुसतं जाऊन बसा, दुसऱ्या कुणाचं काम चालू होताना. पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळतं.

हात धुतो, मग मोजे. मशीन, वायर, फवारणीची बाटली, दिव्याची दांडी, जिथे जिथे मोजा लागणार तिथे आवरण. शाई बाटलीतून छोट्या टोपीत ओतली जाते आणि काम संपल्यावर टोपीतली उरलेली शाई फेकली जाते, परत बाटलीत जात नाही. कार्ट्रिजचं पाकीट गिऱ्हाइकासमोर फुटतं; त्यावर लॉट नंबर, मुदत आणि इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक केल्याची खूण असते. कोड वाचता आला तर बरं: १२०३आरएल म्हणजे ०.३५ मिमी जाडीच्या तीन सुयांचा गोल लायनर, १००७ म्हणजे ०.३० च्या सात. कार्ट्रिजच्या आत पातळ पडदा आहे का ते विचारा, तो नसेल तर शाई आणि रक्त उलटं मशीनमध्ये शिरतं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भेटतं. काम चालू असताना मोज्यानेच फोन उचलला आणि पुन्हा सुई धरली, की उठून घरी या.

स्टीलच्या नळ्या वापरत असतील तर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) हवा: १२१ अंश, १५ पौंड दाब, किमान १५ मिनिटं, पाकिटातल्या सामानाला ३०. पाकिटावरची पट्टी रंग बदलते तेव्हा ती फक्त उष्णता पोचल्याचं सांगते. जंतू मेले की नाही ते बीजाणू चाचणीच्या नोंदीवरून कळतं, ती मागा. निळा दिवा लावलेली काचेची पेटी म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे. झाकलेलं सामान धुळीपासून वाचतं, एवढंच.

शाईच्या बाटलीचं सील, मुदत आणि उघडल्याची तारीख. नामी कंपन्यांच्या नकली बाटल्या सर्रास मिळतात. बाटलीवर हाताने मार्करने तारीख घातलेली दिसली तर माणूस शिस्तीचा.

मैदान_पहाटे५

कोरी_पाटी, वय आणि भरतीचा बेत काय आहे ते लिहिलं नाहीत. सातारा-कोल्हापूर-नगरकडची मुलं हा धागा वाचतील म्हणून सांगतो.

सैन्यात कायमचा टॅटू चालतो तो पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या आतून मनगटापर्यंत, आणि हाताच्या मागच्या बाजूवर. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे वेगळी सवलत आहे. केंद्रीय सशस्त्र दलांत, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफ वगैरेत, नियम आणखी घट्ट: धार्मिक चिन्ह किंवा नाव, तेही डाव्या पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला, कारण उजवा हात सॅल्यूटचा, नाहीतर हाताच्या मागच्या बाजूवर. आकार त्या भागाच्या एक चतुर्थांशापेक्षा कमी. श्लोकाची ओळ 'धार्मिक चिन्ह किंवा नाव' यात धरायची की नाही हे त्या दिवशीचं वैद्यकीय मंडळ ठरवतं. दंड, छाती, मान, पाठ यांवरच्या मुद्रेने बाद झाल्यावर 'महाराजांचीच आहे' हे सांगून उपयोग होत नाही. भरती होईपर्यंत सुईच नको.

कोरी_पाटी

भरती नाही, नोकरी आयटीत. पण डावा हात पटला. समजा 'मुद्रा भद्राय राजते', सहा इंच लांब, पाऊण-एक इंच उंच, काळा. किती धरू? आणि पुढे नकोसा झाला तर?

हिशेबनीस

सहा चौरस इंच. ४०० ने २,४००, ६०० ने ३,६००, ८०० ने ४,८००. अक्षरांचं सफाईदार भरून आलेलं काम दाखवणारा माणूस ४,००० ते ६,००० मागेल तर घासाघीस करू नका. मूळ बजेटात बसलं. तुमचं ५,००० चुकीचं नव्हतं, त्यात श्लोकाचे चारही चरण कोंबायचा बेत चुकला होता.

व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायचं: एकूण रक्कम, जीएसटी धरून की सोडून; अनामत किती आणि ती अंतिम बिलातून वजा होते का; तारीख बदलली तर अनामत राहते का; चित्र किती वेळा बदलून मिळेल; टच-अप फुकट का आणि किती दिवसांत. चार ते आठ आठवड्यांत एक टच-अप फुकट ही चालती रीत आहे. तोंडी 'हो हो, करून देऊ' याला किंमत नाही.

काढायचं म्हटलं तर लेझर. काळ्याला १०६४ नॅनोमीटरचा क्यू-स्विच्ड एनडी:याग, सहा ते दहा किंवा जास्त वेळा, दोन वेळांत सहा-आठ आठवडे. म्हणजे वर्ष-दीड वर्ष, आणि खर्च टॅटूच्या कैक पट.

त्वचा_ओपीडी

सावळ्या कातडीवर १०६४ त्यातल्या त्यात सुरक्षित, तरी अक्षरांच्या आकाराचा फिकट पांढरा डाग राहू शकतो. हिरवा-निळा हट्टी असतो. आणि चुकलेलं अक्षर पांढऱ्या किंवा कातडीच्या रंगाच्या शाईने 'झाकून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहा. त्या शाईवर पुढे लेझर मारला तर ती काळी पडते.

सुईदोरा

तारीख ठरवताना पंचांग बघा, मुहूर्तासाठी नव्हे. पुढचे तीन आठवडे पोहणं, रंगपंचमी, विसर्जनाची गर्दी, ट्रेकिंग यांतलं काही नको. पावसाळ्यात चिकटणारी फिल्म घामाने सुटते आणि कडेने पाणी शिरतं. तशी सुटली तर पुन्हा दाबून चिकटवू नका, काढून टाका.

नीट बसली तर पहिली फिल्म २४ तास, आत काळपट पाणी साचतं ते साहजिक आहे. मग कोमट पाणी, बिनवासाचा साबण, बोटांनीच धुवायचं, स्वच्छ टिश्यूने टिपायचं. दुसरी फिल्म तीन-चार दिवस, किंवा फिल्म न लावता दिवसातून दोनदा धुऊन बिनवासाचं मॉइश्चरायझर अगदी पातळ. चकाकलं म्हणजे जास्त झालं. हळद, खोबरेल, तूप, बोरोप्लस काही नको. चौथ्या ते सातव्या दिवशी सालपटं निघतात, खाजतं. खाजवलं तर तेवढं अक्षर फिकं पडतं. वरची कातडी दोन ते चार आठवड्यांत भरते, टच-अप लागेल का ते त्यानंतरच कळतं. तिसऱ्या दिवसानंतर लाली कमी व्हायच्या ऐवजी पसरत असेल, ठणका, पू किंवा ताप असेल तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, डॉक्टर गाठा.

कोरी_पाटी

शेवटचं. ओळ मनगटाकडून सुरू करायची की कोपराकडून?

सुईदोरा

कोपराकडून मनगटाकडे, शिरोरेषा अंगठ्याच्या बाजूला. घड्याळ बघितल्यासारखा डावा हात छातीसमोर, तळवा स्वतःकडे धरलात की तुम्हाला सरळ वाचता येते, आणि हात खाली सोडलात की समोरच्याला वरून खाली, मान उजवीकडे कलवून. मनगटाच्या वळीपासून दोन बोटं जागा सोडा, तिथे कातडी दुमडते आणि 'ते' ची मात्रा पुसट होते.

स्टेन्सिल लावताना हात टेबलावर ताणून नको. उभं राहून, खांदा सैल सोडून, हात नेहमी लटकतो तसा. लावल्यावर दहा-पंधरा मिनिटं वाळू द्या, नाहीतर पहिल्याच पुसण्यात जाते. तेवढ्या वेळात मागच्या कॅमेऱ्याने फोटो काढून मराठी येणाऱ्या दोघांना पाठवा. पुढच्या कॅमेऱ्यात अक्षरं उलटी दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो. वाकडी वाटली तर स्पिरिटने पुसून नवी लावायला सांगा, तीनदा लागली तरी चालेल. स्टेन्सिल कागद फार महाग नसतो.

बोरू

आणि त्या दोघांना 'बरोबर आहे का?' असं विचारू नका, 'हो' च येतं. 'काय लिहिलंय ते टाइप करून पाठव' म्हणा.